छताचा तुकडा पडला: गवंड्याला बोलावण्याआधीचे दोन दिवस

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नौपाड्यात १९८४ सालची तळ अधिक चार मजल्यांची इमारत, घर दुसऱ्या मजल्यावर. मंगळवारी पहाटे साडेचारला मधल्या खोलीच्या छताचा तीन बाय चार फुटांचा भाग कोसळला. आईचा पलंग दोन हातांवर होता, तिला लागलं नाही, पण आता ती घरात झोपायला तयार नाही. सेक्रेटरी म्हणतात, ‘तुमच्या घरातलं आहे, तुम्ही करून घ्या.’ वरच्या काकू म्हणतात, ‘आमच्याकडे काही गळत नाही.’ गवंडी म्हणतो, ‘दोन दिवसांत प्लास्टर मारून देतो.’ यातलं कोणाचं ऐकायचं आणि आधी काय करायचं?

मी सत्तावीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतोय. त्या अनुभवावर सांगतो. या चौघांपैकी आज तुम्ही आईंचं ऐका. निदान त्या खोलीपुरतं तरी त्या बरोबर आहेत.

तीन बाय चार फूट आणि जाडी इंचभर धरली तर बरोबर एक घनफूट माल होतो. काँक्रीटच्या घनफुटाचं वजन अडुसष्ट किलोच्या आसपास. म्हणजे एक धडधाकट माणूस नऊ-दहा फुटांवरून पलंगाशेजारी पडला असं समजा. आणि जेवढं पडलं तेवढंच सुटलं होतं असं कधीच नसतं. पडलेल्या भागाच्या कडेने आणखी फूट-दीड फूट माल सुटून नुसता अडकून बसलेला असतो. म्हणून खोली बंद ठेवा. सामान काढायचंच असेल तर एकाने आत जायचं, भिंतीच्या कडेने, डोक्यावर हेल्मेट घालून. मोटरसायकलचं चालेल.

त्या खोलीच्या दिव्या-पंख्याची लाइन बोर्डावरून बंद करा. जुन्या इमारतींत वायरिंगच्या नळ्या स्लॅबमध्येच पुरलेल्या असतात. स्लॅब फुगला की नळी चेपते, ओल असेल तर त्या नळीतून पाणीही फिरतं. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून पंखा खाली उतरवा. पंख्याचा हूक त्याच स्लॅबच्या सळईला अडकवलेला असतो आणि सळईबरोबर तोही गंजलेला असतो. छताला काही न होता नुसता पंखा हुकासकट खाली आल्याची दोन उदाहरणं मी पाहिली आहेत.

आता नुसती खोली सोडायची की इमारतच सोडायची? नुसत्या छताच्या पोपड्यासाठी इमारत सोडावी लागत नाही. पण खांबावर उभी, नवी भेग दिसली, खांबाचं काँक्रीट पोट सुटल्यासारखं फुगलं, कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीत अडकू लागलं, भिंतीतून फटाक्यासारखे आवाज आले, यातलं काहीही असलं तर कपाटं न आवरता खाली उतरायचं आणि सगळ्या जिन्याला उतरवायचं. मग अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन. बेलापूरच्या शहाबाज गावात २७ जुलै २०२४ च्या पहाटे इमारत पडली तेव्हा बहुतेक रहिवासी वाचले, कारण तडे वेळेवर कोणाच्या तरी नजरेला पडले आणि लोक लगेच बाहेर आले. तरीही तिघं गेली. तुमच्याच नौपाड्यात बी केबिनजवळची जुनी इमारत ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री लोक झोपेत असताना पडली. बारा माणसं गेली. हे घाबरवायला सांगत नाही. दोन्ही घटना ऐन पावसाळ्यातल्या आणि अपरात्रीच्या आहेत एवढं लक्षात असू द्या. (लादी मध्येच फटकन उचलून तंबूसारखी उभी राहिली म्हणून मला रात्री फोन येतात. नुसती लादी उठणं बहुतेक वेळा तापमानाचं आणि लादी सांधा न सोडता बसवल्याचं काम असतं. सोबत वरची लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी.)

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पडलेला माल फेकू नका. लोक सकाळी उठून पहिलं काम तेच करतात, गोणीत भरून खाली ठेवतात आणि दुपारपर्यंत कचऱ्याच्या गाडीत. डॉक्टरकडे जाण्याआधी रिपोर्ट फाडून टाकावा तसं आहे ते. त्यातले मोठे तीन-चार तुकडे बाजूला काढा आणि उजेडात उलटे करून बघा.

तुकड्यात नुसती बारीक रेती आणि सिमेंट दिसत असेल, जाडी अर्ध्या इंचाच्या आतबाहेर असेल, पाठ गुळगुळीत असेल, तर ते फक्त प्लास्टर आहे. वरच्या काँक्रीटला ते नीट चिकटलंच नव्हतं. हे सगळ्यात स्वस्तातलं दुखणं. पण तुकड्यात खडी दिसत असेल, म्हणजे हरभऱ्यापासून सुपारीएवढे काळे दगड, तर ते सळईखालचं काँक्रीट आहे. मग त्याच्या वरच्या बाजूला बोटाएवढी रुंद, लांब, पन्हळीसारखी खूण सापडेल. त्यावर तिरके वळसे उमटलेले असतील, कारण १९८४ च्या इमारतीत बहुधा पिळाची टॉर सळई असणार. ती खूण म्हणजे सळईचा साचा. त्यात बोट फिरवा, विटकरी भुकटी लागेल. त्या सळईने स्वतःच ते काँक्रीट खाली ढकललं आहे. लोखंड गंजतं तेव्हा गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, दोनपासून सहापटीपर्यंत. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. आतून असं रेटत राहिलं की आधी सळईच्या रेषेत बारीक केसाळ भेग पडते, मग तिथे टिचकी मारली तर पोकळ वाजतं, आणि शेवटी कधीतरी पहाटे ते सुटतं. तुमच्या छतावर ती सरळ भेग गेली दोन-तीन वर्षं असणारच. बहुधा दर दिवाळीला रंगाऱ्याने लांबी (पुट्टी) भरून ती झाकली असेल.

मग काकूंचं काय? काकू खोटं बोलत असतील असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर अशा भांडणांत निम्म्या वेळा वरचे खरं बोलत असतात. सळई गंजायला गळकी मोरीच लागते असं नाही. नव्या काँक्रीटमध्ये चुन्यासारखा तीव्र अल्कधर्म असतो, त्याच्या छायेत सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत तो अल्कधर्म खाऊन टाकतो. हा थर सळईपर्यंत पोचला की नुसत्या पावसाळी दमटपणावरही गंज सुरू होतो. त्यात सळईखाली काँक्रीटचं आवरण किती होतं हे महत्त्वाचं. तुमची इमारत बांधली तेव्हाच्या कोडप्रमाणे स्लॅबला १५ मिलिमीटर आवरण चालत असे. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय कोडच्या २००० सालच्या आवृत्तीत अगदी सौम्य हवामानालाही २० मिलिमीटर सांगितलं आहे आणि किनाऱ्याच्या कडक हवेला ४५. प्रत्यक्षात त्या काळी आवरणाचं अंतर राखणारे ठोकळे न लावता सळई सेंट्रिंगच्या (ओतकामाच्या साच्याच्या) फळीवर टेकवूनच स्लॅब ओतलेले मी शेकड्यांनी पाहिलेत, आवरण पाच-सहा मिलिमीटर. शिवाय एका बाजूला खाडी. वाशीच्या जुन्या सिडको वसाहतींत आणि कोपरीत हे दुखणं घराघरात आहे, त्याचं कारण हे.

याची एक सोपी चाचणी आहे आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर करून मागा. दुरुस्तीचा सल्लागार अभियंता एका बाटलीत फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण आणतो. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर त्याचा फवारा मारायचा. जिथे अल्कधर्म शाबूत आहे तिथे ते क्षणात गुलाबी होतं, कुंकू-पाण्यासारखं. जिथे संपलाय तिथे काहीच होत नाही, करडं ते करडंच. वरून दोन इंच गुलाबी आणि सळईजवळ करडं असं दिसलं की काकू बहुधा निर्दोष. (हेच रसायन एके काळी जुलाबाच्या गोळ्यांत असे. आमच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा यावरचा विनोद इथे लिहिण्यासारखा नाही.)

याउलट तुकड्यावर पांढरे खाराचे ओघळ असतील, छतावर चुन्याच्या बारीक लोंब्या लटकत असतील, गंज कोरडा विटकरी नसून काळपट आणि ओला असेल, तर पाणी आहे. ते कुठून येतंय हे भांडून कळत नाही, तपासूनच कळतं. काकूंच्या घरात तुमच्या मधल्या खोलीच्या बरोबर वर काय आहे ते आधी बघा. मूळ नकाशात तिथे खोली असेल, पण मधल्या एखाद्या नूतनीकरणात कोणी तिथे संडास-बाथरूम घातलेलं असू शकतं. काकूंनी नाही तर त्यांच्या आधीच्या मालकाने. तसं असेल तर नहाणीच्या जाळीला बोळा मारून जमिनीवर दोन इंच पाणी भरायचं, त्यात थोडा रंग घालायचा आणि दोन-तीन दिवस तुमच्या छताकडे लक्ष ठेवायचं. पाइपचा संशय असेल तर गच्चीवरच्या टाकीचा त्या लाइनीचा व्हॉल्व्ह एक रात्र बंद ठेवून बघा. ओल कमी झाली तर पाणी भरलेल्या नळातून येतंय, तशीच राहिली तर सांडपाण्याची लाइन किंवा मोरीची जमीन. मात्र हे करायला काकूंच्या घरात जावं लागणार. म्हणून सेक्रेटरींनी त्यांना काय सांगितलं ते विसरा. आईंना किंवा घरातल्या बायकांना घेऊन जा, चहा प्या आणि म्हणा, ‘काकू, तुमच्याकडचं नसेल तर तेही कळेल, म्हणजे कोणी तुम्हाला बोल लावायला नको.’ मी हे वाक्य किती घरांत वापरलंय त्याला गणती नाही. दार उघडतं.

एक मात्र नक्की सांगून ठेवा: तपासणी होईपर्यंत त्यांनी वर लादी फोडण्याचं काम काढू नये. घाबरून किंवा खुन्नस म्हणून लोक हेच करतात, लगेच ब्रेकर आणून मोरी उखडायला घेतात. नेरुळमध्ये जून २०२२ मध्ये एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि तसाच एकावर एक खाली येत गेला. जो स्लॅब खालून सुटलाय त्यावर वरून यंत्राने ठोकायचं नसतं. खालून टेकू लावल्याशिवाय तर मुळीच नाही.

टेकूचं निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण यात सर्रास चूक होते. तुमच्या खोलीत लोखंडी जॅक उभे केले की छताचं वजन तुमच्या लादीवर येतं, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्यांच्या छतावर. त्यांचा स्लॅबही तेवढ्याच वयाचा. म्हणून टेकू एकाखाली एक, सरळ रेषेत, थेट जमिनीपर्यंत न्यावे लागतात. जॅकच्या वर आणि खाली जाड फळी हवी, नाहीतर तो लादीत भोक पाडतो. आणि जॅक हाताने घट्ट होईल तेवढाच फिरवायचा. दांडकं घालून पिळला तर छत वर उचललं जातं आणि वरच्या अंगाला नवीन भेग पडते. खालची माणसं ‘आमच्या हॉलमध्ये खांब कशाला?’ म्हणतील. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्यांना आधी वर आणून तुमचं छत दाखवा.

आता सेक्रेटरी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत) कोणती दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची याची यादी आहे, आणि सर्व सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती त्यात येते. सामाईक पाइप, बाहेरच्या भिंती, गच्ची यांतून होणारी गळतीही त्यातच. संडास, मोरी, सिंक यांच्यामुळे घरातल्या घरात होणारी गळती ज्याच्या सदनिकेतून होते त्या सभासदाची. बाकी आतलं प्लास्टर, रंग, फर्निचर आपलं आपण. म्हणजे तुमच्या बाबतीत खडीवाले तुकडे असतील तर सळई आणि काँक्रीटचं काम सोसायटीकडे, त्यावरचा गिलावा आणि रंग तुमच्याकडे, आणि मोरी गळत असेल तर तेवढी बंद करणं काकूंकडे. तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मागून हे कलम स्वतः वाचा. सेक्रेटरींनी बहुधा वाचलेलं नसतं. ते वाईट नसतात, बिनपगारी काम करत असतात आणि फंडात पैसे नसतात.

पण तोंडी काही करू नका. ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे. त्यावर चार जण हात जोडलेले पाठवतात आणि संध्याकाळी त्याखाली कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येतो. साध्या कागदावर पत्र लिहा: तारीख, वेळ, कोणती खोली, किती मोठा भाग, सळई उघडी पडली आहे का, तीन फोटो सोबत. फोटोत टेप किंवा फूटपट्टी ठेवा. एक प्रत कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोहोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा. पुढे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जायची वेळ आली, किंवा उद्या आणखी काही पडलं, तर तो एक कागद बाकी सगळ्या बोलण्याला भारी पडतो. पोहोच मिळाल्यावर कमिटीची चालही बदलते, हा माझा अनुभव.

पत्रात आणखी एक ओळ घाला: इमारतीचं शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कधी झालं? उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांनंतर स्थिरतेचं प्रमाणपत्रही लागतं. तुमच्या इमारतीने तिशी केव्हाच ओलांडली. पालिकेच्या पॅनलवर अशा अभियंत्यांची यादी असते, त्यातलाच घ्या. तो नुसता चष्म्यातून बघून गेला तर ते ऑडिट नव्हे. हातोड्याने टक-टक करून, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या न फोडता करायच्या चाचण्या करून, चार-दोन ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना, काढून, खांबांपासून टाकीपर्यंत सगळं पाहून अहवाल द्यायला हवा.

ऑडिट म्हटलं की लोक बिचकतात ते ‘सी वन’ला. ऑडिटनंतर इमारत ज्यात बसवतात ते चार वर्ग आहेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-२-बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. एका छताचा पोपडा आणि बाकी खांब-तुळया ठीक, अशा इमारती मी पाहिलेल्या बहुतेक वेळा सी-२-बी मध्ये बसतात. तरी वेळ आलीच, म्हणून करारनामा, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, वीजबिलं एका पिशवीत दाराजवळ ठेवा. धोकादायक इमारतीची कलम २६४ ची नोटीस आली आणि घर सोडावं लागलं तर तुमचा हक्क त्या पिशवीत असतो. कमिटीतलं कोणी ‘रिडेव्हलपमेंट येतेच आहे, कशाला पैसे घालायचे’ म्हणेल. ती गेली बारा वर्षं येतेय असं मला प्रत्येक सोसायटीत सांगतात. टेकू आणि सळईचं काम तिच्यासाठी थांबवायचं नाही. गच्चीची कोबा लादी, बाहेरचा रंग हे खुशाल थांबवा. तसंही गच्चीचं वॉटरप्रूफिंग भर पावसात होत नाही.

तुमच्या गवंड्याबद्दल. दोन दिवसांत तो मारून देईल यात शंका नाही. वाशीत एका घरी असंच झालं होतं. उघड्या सळईवर कोंबडी जाळी ठोकून, वरून सिमेंट-रेतीचा गिलावा चढवला आणि दिसायला नको म्हणून खाली पीओपीचं छत केलं, त्यात गोल दिवे. पुढच्या गणपतीत आरती चालू असताना पीओपीसकट सगळं पाटाच्या मागे आलं. गंज आत जिवंत होता, त्याला झाकण मिळालं एवढंच. जुन्या स्लॅबखाली पीओपी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या छताकडे बघत राहायला हवं तेच आपण पैसे देऊन झाकतो.

काम कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. आधी टेकू. मग सुटलेलं सगळं काँक्रीट छिन्नी-हातोड्याने काढायचं, मोठं मशीन नको. नुसतं खालून खरवडून चालत नाही. सळईच्या मागेही बोट फिरेल इतकी जागा मोकळी करायची आणि दोन्ही टोकांना जिथे सळई पुन्हा स्वच्छ, गंजाशिवाय दिसू लागते तिथपर्यंत जायचं. इथे तुम्हाला धक्का बसेल, बारा चौरस फुटांचं काम सहज तीस चौरस फुटांचं होतं. कॉन्ट्रॅक्टर फसवत नसतो, दुखणं तेवढं असतं. मग तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासायची आणि व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) तिची जाडी मोजायची. पाचवा-चौथा हिस्सा खाल्ला गेला असेल तर शेजारी नवी सळई जोडून बांधायची. किती आणि कुठे ते अभियंत्याने ठरवायचं, गवंड्याने नाही. सळईला गंजरोधकाचे दोन हात, ते वाळल्यावर जुन्या काँक्रीटला बाँडिंगचा, म्हणजे जुनं-नवं चिकटवणारा, थर, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर (केमिकल घातलेला दुरुस्तीचा माल). बिगारी चहाला गेला आणि बाँडिंग वाळलं की तो थर चिकटवण्याऐवजी वेगळं करण्याचं काम करतो. मॉर्टर एका दमात जाड थापायचं नाही, दहा-पंधरा मिलिमीटरचे थर द्यायचे. खड्डा दोन इंचांहून खोल असेल तर खाली सेंट्रिंग लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं पातळ काँक्रीट) ओतायचं. पिशवीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच, मापाने. मऊ फिरतं म्हणून वाढवलेला अर्धा लिटर सगळ्या केमिकलवर पाणी फिरवतो. नंतर पाणी मारणं, आणि रंग किमान तीन-चार आठवड्यांनी.

कोटेशन घेताना एक प्रश्न विचारा: ‘चौरस फुटाचा भाव किती जाडीला?’ एक जण स्वस्त सांगतो तो १५ मिलिमीटरला, दुसरा महाग वाटतो तो २५ ला. पुढे ‘जादा जाडी’ म्हणून बिल दुप्पट होतं. टेकूंचं भाडं, मलबा उचलणं आणि वायरिंग यात धरलंय का, तेही लिहून घ्या.

विम्याची फार आशा धरू नका, पण पॉलिसी काढून बघा. गृहकर्ज असेल तर कधी कधी बँकेने सोबत काढलेली असते आणि घरात कोणाला आठवत नाही. १ एप्रिल २०२१ ला सगळ्या कंपन्यांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आली. त्यात आग, पूर, भूकंप यांच्याबरोबर पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान येतं. वयोमानाने झालेली झीज येत नाही. म्हणजे गंजलेला स्लॅब नाही, पण वरचा पाइप फुटून पडला असेल तर दावा करता येतो. त्यासाठीही तेच: ताबडतोब कळवा आणि तुटलेलं काही विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत टाकू नका.

आता आई. त्या रात्री त्यांना जो आवाज आला तो आता महिनाभर येत राहणार. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी त्या उठून बसतील. ‘काही होत नाही, झोप’ हे त्यांना सांगू नका. एकदा ‘काही होत नाही’ म्हणत असतानाच छत पडलंय. टेकू लागेपर्यंत त्यांना बहिणीकडे, मावशीकडे, जिथे रुळतील तिथे पाठवा. पण काम पूर्ण होईपर्यंत लांब ठेवू नका, मधून मधून आणून दाखवा.

चरईत आमचं एक काम चालू होतं, तिथल्या आजी पंच्याऐंशीच्या घरातल्या. आमचा मुकादम बांबूच्या टोकाला हातोडी बांधून सगळ्या घराचं छत ठोकत चालला होता. चांगल्या जागी खण-खण, सुटलेल्या जागी भद्द. आजी दाराशी स्टुलावर बसून ऐकत होत्या. तासाभराने म्हणाल्या, ‘अरे, ते कोपऱ्यातलं राहिलं.’ बरोबर होतं, कपाटामागचा कोपरा सुटला होता. तेव्हापासून त्या रोज सकाळी देवपूजा झाली की केरसुणीच्या दांड्याने आपल्या पलंगावरचं छत चार ठिकाणी वाजवून बघत. सून वैतागायची. मी सुनेला म्हटलं, ‘वाजवू दे, माझ्या ऑडिटपेक्षा नियमित आहे.’ तुमच्या आईंनाही मुकादमासोबत उभं करा. दोन आवाज ओळखता येऊ लागले की खोली पुन्हा त्यांची होईल. पलंग मात्र आतल्या भिंतीला लावा, पंख्याच्या हुकाखाली नको.

बाकी माझ्याकडून पुढचं सांगायला एक गोष्ट लागेल. मोठ्यातला मोठा तुकडा उलटा करून, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, खिडकीच्या उजेडात एक फोटो काढा. आणि छताचा एक, सळया मोजता येतील असा, खोलीच्या दारातूनच, आत न जाता.